फळ्यावरचे नऊ गुण

पहिल्या खेपेला मी चार गुण दिले होते. दहापैकी चार. माझा मित्र त्याच्या वडिलांच्या बंद पडलेल्या भातगिरणीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि मी काय बोलतो याकडे डोळे लावून होता. मी बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "उकडलेल्या मक्याचा वास येतोय. झाकण ठेवून उकळलंस का?"

तो उठून उभाच राहिला. "तुला कसं कळलं?"

कळणारच. माझं पोटच नाकावर चालतं. तळेगावच्या बाजूला बिस्किटांचा एक कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी आहे, आणि तिथल्या चाखणाऱ्यांच्या गटातही. सकाळी आम्ही सहाजण वेगवेगळ्या खणांत बसतो. डोक्यावर लाल दिवा असतो, म्हणजे रंग बघून मत बनू नये. पांढऱ्या कपांतून नमुने येतात आणि आम्ही सांगतो, ह्यात तूप खवट झालंय, ह्यात वेलदोडा जुना आहे. त्यापायी मी सकाळी कांदा-लसूण खात नाही, अत्तर लावत नाही. बायको म्हणते, ह्यांना भाजी वाढायची म्हणजे रोज परीक्षेला बसायचं.

मित्राची आणि माझी ओळख लोणावळ्याच्या कॉलेजातली. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर उभे राहायचो. तो कामशेतहून पवनेच्या बाजूला जाताना लागणाऱ्या गावातला, भाताची मोठी खाचरं असलेल्या घरचा. मी भाजे गावचा. वडील रेल्वेत गँगमन, जमीन नावाला. आमचं घर बौद्ध. त्याच्या घरासारख्या घरांतली माणसं आमच्याकडे कामानिमित्त यायची, अंगणात उभ्याउभ्या बोलायची आणि जायची. हा पहिल्यांदा आला तो सरळ चुलीपाशी जाऊन बसला आणि एक भाकरी संपल्यावर दुसरी मागून घेतली. त्यात त्यानं काही मोठं केलं असं नव्हतं, त्याला भूक लागली होती. आईला तेच आवडलं. "पोरगं सादं हाय," ती म्हणाली. तेव्हापासून ती त्याची मावशी झाली. पुढं नोकरी लागल्यावर मी कामशेतला घर घेतलं आणि आईला तिकडं आणलं, तरी तो येताना पडवीतूनच ओरडायचा, "मावशी, भाकरी टाका!"

तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. कंपनीनं त्याला काही वर्षं जर्मनीला पाठवलं. परत आला तो एकाच गोष्टीचं वेड घेऊन. पिल्सनर. फिकट सोनेरी, स्वच्छ, हाडं गारठतील अशा थंडीत आठवडेच्या आठवडे ठेवून मुरवलेली बिअर. आणि त्यात हॉप्स सढळ हातानं. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवलेली. त्यानं चार फुलं माझ्या तळहातावर ठेवली आणि चोळायला सांगितलं. ओल्या गवताचा वास आला, मग लिंबाच्या सालीचा, आणि सगळ्यात मागून कडुनिंबाच्या मोहराचा. मी हात नाकाशी धरून बराच वेळ उभा होतो.

"हा वास बाटलीत आणायचाय मला," तो म्हणाला. "आणि तो आला की नाही हे तू सांगायचं. माझ्या नाकावर माझा भरवसा नाही. माझे बाकीचे दोस्त फुकट मिळाली तर डबक्यातलं पाणीही चांगलं म्हणतील."

हे माझ्यासाठी सोपं नव्हतं. दर रविवारी मी आईला घेऊन विहारात जायचो. पंचशील म्हणताना पाचवं शील येतं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. आमच्या घरात ते नुसतं म्हणायचं नव्हतं. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून घरात थेंब आला नव्हता, आणि आईनं भाज्याच्या बायकांबरोबर जाऊन गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला होता. बिस्किटं चाखून आम्ही थुंकतो. बिअरचं तसं जमत नाही, तिचा कडूपणा घशाशी कळतो, गिळावीच लागते. चार घोट. पण गिळलेले.

मी आईपासून लपवलं नाही. गिरणीतून आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "त्याच्यासाटी व्हय?"

"हो."

"आमी हे शिकवलं न्हवतं तुला." आणि थोड्या वेळानं, "त्याला म्हनावं, जेवायला येत जा. उपाशी पोटी असलं करू नगंस."

तेवढंच. पण पुढच्या रविवारी पाचव्या शीलाशी माझा आवाज खाली आला. तो पुन्हा कधी पूर्वीसारखा चढला नाही. शेजारी बसलेल्या आईला ते ऐकू यायचं, आणि तिला ऐकू येतंय हे मला कळायचं.

दुसऱ्या खेपेला लोण्याचा वास आला. मी पाच दिले. मित्रानं कुठल्या कुठल्या पुस्तकांत डोकं घातलं, आंबवण शेवटी दोन दिवस जरा उबदार ठेवायला हवी होती हे शोधून काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. पुढच्या वर्षी लोणी गेलं, पण फुलांचा वासही गेला. सहा. त्याला राग यायचा. गिरणीच्या दारापाशी जाऊन पाठ करून उभा राहायचा, मग वळून म्हणायचा, "बरं, सांग. नेमकं काय कमी आहे?" आणि आम्ही बोलत बसायचो. फुलं कधी टाकायची, किती टाकायची, विहिरीचं पाणी जड आहे का, हलकं करायचं तर कसं. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावं लागायचं. कॉलेजनंतर माझं कुणाशीच इतकं बोलणं झालं नव्हतं.

बिअर विकायचा परवाना मिळाला. लोणावळ्यात, बाजारापासून जरा आत, त्यानं बसायची जागा काढली. लाकडी बाकं, मागं डोंगर. काउंटरच्या वर एक काळा फळा लावला. सात, मग साडेसात, मग आठ. दर खेपेला माझे गुण तो खडूनं त्या फळ्यावर लिहायचा. खाली लिहायचा, "आमच्या सगळ्यात खडूस मित्राकडून." गिऱ्हाइकांना त्याची मजा वाटायची. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईकडून येणारी मंडळी फळ्याचे फोटो काढायची. नाव नव्हतं, पण कारखान्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. "काय खडूस मित्र, या वेळी किती?" असं कँटीनमध्ये विचारायचे. मला ते आवडायचं, हे मी नाकारत नाही.

आणि मग ती खेप आली. भर उन्हाळा होता. त्यानं ग्लास पुढं केला, मी वास घेतला, आणि मला माझा तळहात आठवला. गवत, लिंबाची साल, मोहर. घोट घेतला. कडूपणा स्वच्छ आला, घशात क्षणभर राहिला आणि दुसरा घोट मागत निघून गेला.  तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नऊ," मी म्हटलं.

तो खाली बसला. जमिनीवरच. चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. "दहा का नाही, असं विचारणार नाही," तो म्हणाला. 

त्यानंतर त्याचा धंदा वाढला. पुण्यातला एक भागीदार आला. मी त्याला एकदाच भेटलो, हसरा आणि घाईतला माणूस. लोणावळ्याच्या जागेचा वरचा मजला चढला. मित्राची धावपळ वाढली, गिरणीत भेटणं कमी झालं. मग तो म्हणाला, "तू आता लोणावळ्यालाच येत जा. फक्त येण्याआधी फोन कर. तुझ्यासाठी ताजी काढून ठेवतो. गर्दीत काहीतरी हातात पडायला नको."

मी फोन करून जायचो. दोन-तीन महिन्यांतून एकदा, कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी. कोपऱ्यातल्या बाकावर माझा ग्लास यायचा. तो स्वतः आणायचा. आणि बिअर उत्तम असायची. कधी आठ आणि वर थोडं, बहुतेकदा नऊ. फळ्यावरचा नऊ आता कुणी पुसत नव्हतं. खडूच्या रेघांवरून पांढऱ्या रंगानं गिरवून तो पक्का केला होता. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अरे, खडू राहू दे. पुढच्या वेळी मी सहा दिले तर?" तो म्हणाला, "तू देणार नाहीस." मी ते त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा म्हणून ऐकलं.

अशी दोन वर्षं गेली.

मग आमच्या मॅडम निवृत्त झाल्या. चाखणाऱ्यांच्या गटाच्या त्या प्रमुख. मला हे काम त्यांनीच शिकवलं. नाकानं ओळखायचं आणि मग तोंडानं खात्री करायची, आवडनिवड दाराबाहेर ठेवायची, शेजारच्या खणातल्याला काय वाटतंय याचा विचार करायचा नाही. नव्या लोकांना त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्याच्यासारखे गुण द्यायला शिका. हा भिडेला पडत नाही." त्यांच्या निरोपाचं जेवण कुठं करायचं असा विषय निघाला तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, लोणावळ्याला, तुझ्या नऊ गुणांच्या ठिकाणी. बेत शुक्रवारी ठरला आणि शनिवारी दुपारी आम्ही निघालोही. मी मुद्दामच फोन केला नाही. सहा-सातजणांसाठी वेगळं काही काढून ठेव असं सांगायला संकोच वाटला. आणि खरं तर मला गिऱ्हाईक म्हणून आत शिरून त्याला चकित करायचं होतं.

तो नव्हता. पुण्याला गेला होता. आम्ही लांब बाकावर बसलो, ज्यांना चालत होती त्यांच्यासाठी पिल्सनर मागवली. मॅडमही चाखणार होत्या. "नऊ म्हणजे काय ते एकदा बघू दे," त्या म्हणाल्या.

ग्लास आले. पाच ग्लास, आणि पाचही नाकं रोज वास घेऊन पगार घेणारी. सगळ्यांनी आधी वास घेतला, आमची सवयच ती. मग घोट. दुसरा घोट कुणी घेतला नाही.

माझ्या हातातल्या ग्लासाला वासच नव्हता. घोट घेतला. पातळ, मागून गोडसर, कडूपणाच्या नावाखाली नुसता एक ओरखडा. फुलांचा पत्ता नाही. वाईट नव्हती, थंड होती, उन्हातून आलेल्या माणसाला चाललीही असती. मी हिला पाचच्या वर नेलं नसतं.

गटातला एकजण वर फळ्याकडं बघत म्हणाला, "नऊ? ह्याला?"

दुसऱ्यानं हसून सावरून घेतलं. "मैत्रीचे चार धरले असतील."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ग्लास अलगद पुढं सरकवला आणि माझ्याकडं बघितलं. मी दुसऱ्या कुणाच्या नजरेनं इतका लहान झालो नव्हतो. "असू दे," त्या म्हणाल्या. "जेवायला मागवा."

मी उठलो आणि काउंटरवर गेलो. तिथं भाज्याचाच एक गृहस्थ असतो, माझ्याहून थोडा मोठा, मला गावाकडून ओळखणारा. मी विचारलं, "भाऊ, आज खेप बिघडली का?"

त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आला, माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या कारणासाठी. "तुमी फोन न्हाई केला व्हय? तुमचं पिंप येगळं आनावं लागतं ना. मालक गिरनीवरनं घेऊन येत्यात, तुमी येनार असला की. आदी सांगितलं असतं तर आनून ठिवलं असतं."

"माझं पिंप?"

"तुमचं. ती जुनी वाली बिअर." आणि मग माझ्या तोंडाकडं बघून त्याला काय झालं ते कळलं. तो फडक्यानं काउंटर पुसायला लागला. पुसलेलाच होता.

मी परत जाऊन बसलो. काय सांगणार होतो? त्या बाकावर, मॅडमच्या निरोपाच्या जेवणात? भाषणं झाली, मीही दोन शब्द बोललो. माझ्या पाठीमागं वर नऊ लिहिलेला फळा होता आणि मी मॅडमच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलत होतो. परतीच्या लोकलमध्ये सगळे थट्टामस्करी करत होते, फक्त माझी थट्टा कुणी केली नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीवर गेलो. मित्र तिथं होता, बाहेर दगडावर बसून पेपर वाचत. मला बघून उठला आणि लगेच पुन्हा बसला. काउंटरवरच्या गृहस्थानं त्याला कळवलं असणार.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आत ये. चहा टाकतो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. थोडं कमी." त्यानं पेपरची घडी घातली. "ऐक ना. लोकांना ती कडू लागायची. अर्धे ग्लास तसेच टेबलावर राहायचे. तुला माहीत नाही, तू कोपऱ्यात बसून तुझीच पितोस. भागीदार म्हणाला, फुलं कमी करा, थोडा तांदूळ घाला, थोडी साखर, आणि बाहेरच्या मोठ्या कारखान्यात करून घेऊ. मी लढलो रे. सहा महिने लढलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू चाखली असतीस. आणि गुण दिले असतेस."

"मग?"

"मग फळ्यावर काय लिहिलं असतं मी?"

हे तो अगदी सरळपणे म्हणाला. मग तो आत गेला आणि मला हाक मारली. कोपऱ्यात ते पहिलं छोटं भांडं होतं, ज्यात मक्याचा वास आला होता. घासून लख्ख केलेलं. "ह्यात करतो अजून. स्वतः. फक्त तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. तू जिला नऊ दिलेस ती नऊचीच होती. दर वेळी. मी तुला कधी वाईट पाजली नाही. ह्यात खोटं काय आहे, सांग."

"फळ्यावरचे नऊ कुठल्या बिअरचे?"

 तो थोडा चिडून म्हणाला, "अरे, तू पितोस किती? चार घोट. त्या चार घोटांनी तुझं असं काय बिघडलं?"

त्याला तसं म्हणायचं नसेल. पण मला ते चार घोट आठवले, दर रविवारी विहारात खाली येणारा आवाज आठवला आणि शेजारी समोर बघत बसलेली आई आठवली. हे त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की त्याला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, याच गिरणीत, पहिल्या वर्षी.

"माझे गुण काढून टाक," मी म्हटलं आणि निघालो. 

घरी आईनं विचारलं, तेव्हा तिलाही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं झालं, सुटलास. ती म्हणाली, "त्याला माज्याकडं यून सांगाया काय झालतं? मी काय त्याला खाल्लं असतं?" आणि पदरानं डोळे पुसले. ते बघून मला मित्राचा खरा राग आला. तोवर नुसतं दुखत होतं.

मॅडमच्या घरी जायला मला आठवडा लागला. तळेगावला त्यांच्या गॅलरीत बसून मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला. बसल्याचं त्यांनी लगेच सांगितलंही, आणि मला सुटल्यासारखं झालं. मग निघताना दारात म्हणाल्या, "नमुना कुणाच्या हातून येतो तेही बघायला हवं होतं रे. दुकानातून घ्यायला हवा होता."

"मित्र होता, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ना."

कारखान्यात मी बाकीच्यांनाही सांगितलं. कुणी मानलं, कुणी नुसतीच मान डोलावली. आता कँटीनमध्ये कुणी गुणांबद्दल विचारत नाही. मॅडमच्या जागी कुणाला घ्यायचं ठरलं तेव्हा माझं नाव निघालं नाही. त्याला हेच कारण असेल असं मी म्हणत नाही, पण नसेल असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

फळा उतरला, असं काउंटरवरच्या गृहस्थानं भाज्याच्या एका लग्नात सांगितलं. तिथं आता मोठा टीव्ही आहे. मी बघायला गेलो नाही. विहारात मात्र नेमानं जातो. बिअर त्या दिवसानंतर घेतलेली नाही, आणि पाचवं शील म्हणायला अडचण नाही. तरी आवाज मोकळा येत नाही. का ते मला सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कामशेतच्या बाजारात तो समोर आला. भाताचं बियाणं घ्यायला आला होता, गाडीला पिशव्या लटकवलेल्या. केस बरेच पिकलेत. आईची चौकशी केली. मी त्याच्या वडिलांची केली. रोपं कधी टाकणार, विहिरीला पाणी किती आहे, असं थोडं बोललो. मग तो म्हणाला, "मी अजून काढतो ती. गिरणीत. या खेपेला फुलं जरा उशिरा टाकली, वास जास्त चांगला राहिलाय असं वाटतं." 

मला विचारायचं होतं, किती उशिरा? उकळी बंद केल्यावर की त्याच्या आधी? प्रश्न जिभेवर आला होता.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मागून एक टेम्पो भोंगा वाजवायला लागला, तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली आणि पवनेच्या रस्त्याला लागला. आईच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या होत्या, मी औषधाच्या दुकानाकडं वळलो.